'ग्रिम फँडँगो' सुधारून आला, मग त्याचे गुण का घटले?

मेटाक्रिटिक ही वेबसाइट वेगवेगळ्या समीक्षकांनी दिलेले गुण गोळा करते आणि त्यांची शंभरपैकी सरासरी मांडते. तिथे १९९८ सालच्या 'ग्रिम फँडँगो' या व्हिडिओ गेमला ९४ गुण आहेत. याच खेळाची डागडुजी होऊन जानेवारी २०१५मध्ये 'ग्रिम फँडँगो रीमास्टर्ड' आला. पात्रं आधीपेक्षा रेखीव झाली, संगीत खऱ्या वाद्यवृंदाकडून नव्यानं वाजवून घेतलं गेलं, माउसनं खेळायची सोय झाली. आणि पीसीवरच्या या नव्या आवृत्तीची सरासरी मात्र ऐंशीच्या जरा पुढे जाऊन थांबली. सुधारणा झाल्या आणि गुण दहाएकानं उतरले, हे कोडंच वाटतं.

ते सुटतं, पण त्यासाठी समीक्षक नेमकं कशाचं माप काढत होते हे बघावं लागतं. जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचं परीक्षण हे दिसायला एक असतं, आत तीन निरनिराळे निकाल असतात. मूळ कलाकृती कशी आहे हा एक. डागडुजी कशी झाली आहे हा दुसरा. आणि आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो कसा वाटेल, हा तिसरा. शेवटी छापला जातो तो आकडा या तिघांची सरमिसळ असतो, आणि कुणाचा वाटा किती हे तो आकडा सांगत नाही.

आधी खेळाविषयी. 'ग्रिम फँडँगो' हा अ‍ॅडव्हेंचर प्रकारातला गेम. या प्रकारात हाताच्या चपळाईला फारसं महत्त्व नसतं. आपण एका गोष्टीतलं पात्र असतो. फिरायचं, लोकांशी बोलायचं, वस्तू गोळा करायच्या आणि डोकं लढवून वाटेतल्या अडचणी सोडवायच्या. लुकासआर्ट्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी या प्रकारासाठी नावाजलेली होती आणि तिथल्या टिम शेफर यांनी हा खेळ रचला. बर्कलीच्या विद्यापीठात शिकताना लोकसाहित्याचे अभ्यासक अ‍ॅलन डंडेस यांच्याकडून त्यांनी मेक्सिकोतल्या समजुतींविषयी ऐकलं होतं: मेल्यावर आत्म्याला चार वर्षांचा खडतर प्रवास करावा लागतो. त्या समजुतीला त्यांनी १९४०च्या दशकातल्या हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांची जोड दिली.

नायक मॅनी कलावेरा हा मृतांच्या नगरीतला एजंट आहे. नुकत्याच मेलेल्या माणसांना तो पुढच्या प्रवासाची पॅकेजं विकतो. आयुष्यभर सचोटीनं वागलेल्याला 'नंबर नाइन' ही आगगाडी मिळते आणि चार वर्षांचा रस्ता चार मिनिटांत संपतो; बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या पुण्याईप्रमाणे गाडी, बोट किंवा नुसती काठी. मेचे नावाच्या एका पुण्यवान बाईला तिच्या हक्काचं तिकीट मिळत नाही. मॅनीच्या लक्षात येतं की खात्यात कुणीतरी तिकिटांचा काळाबाजार करतंय. पुढची कथा चार वर्षांत, चार अंकांत घडते आणि प्रत्येक अंक नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोत होणाऱ्या मृतांच्या सणाच्या दिवशी उघडतो. पात्रं सगळी सांगाड्यांची, त्या सणातल्या कागदी लगद्याच्या बाहुल्यांच्या घाटाची. मेलेल्याला पुन्हा मारायचं कसं, याचंही उत्तर शेफर यांनी शोधलं होतं: इथली बंदूक झाडली की हाडांतून रोपं उगवतात आणि माणूस फुलांखाली नाहीसा होतो. मृत्यूच्या जगात भीती वाटावी ती उगवत्या जीवाची, ही कल्पना मला आजही थक्क करते.

गेमस्पॉट या खेळांच्या वेबसाइटनं १९९८चा सर्वोत्तम खेळ म्हणून याचीच निवड केली. विक्री मात्र कंपनीच्या मनासारखी झाली नाही. अ‍ॅडव्हेंचर खेळांचे दिवस तेव्हा सरत आले होते आणि पुढच्या काही वर्षांत लुकासआर्ट्सनं या प्रकारातले तयार होत असलेले खेळही मधेच बंद केले. शेफर २०००मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी डबल फाइन ही स्वतःची कंपनी काढली.

मग 'ग्रिम फँडँगो' हळूहळू मिळेनासा झाला. तो होता सीडीवर, जुन्या विंडोजसाठी लिहिलेला. नव्या, वेगवान प्रोसेसरवर त्यातलं एक कोडं अडकायचं, त्यासाठी कंपनीला पॅच, म्हणजे दुरुस्तीची छोटी फाइल, काढावा लागला होता. पुढे तर खेळ सुरूच होईना. डाउनलोड करून विकत घेण्याची सोय नव्हती. ज्याला जगातले उत्तम खेळ म्हणून यादीत बसवलं जात होतं, तो नव्या पिढीला कायदेशीर मार्गानं खेळताच येत नव्हता. चाहत्यांनी रेसिड्युअलव्हीएम नावाचा मोफत प्रोग्राम लिहिला आणि ज्यांच्याकडे जुनी सीडी होती त्यांची सोय झाली. २०१२च्या अखेरीस डिस्नेनं लुकासआर्ट्सची मालक कंपनी लुकासफिल्म विकत घेतली, एप्रिल २०१३मध्ये लुकासआर्ट्सचं खेळ बनवण्याचं काम थांबलं. त्यानंतर सोनीच्या मध्यस्थीनं हक्क जुळून आले आणि जून २०१४मध्ये रीमास्टरची घोषणा झाली.

ही पार्श्वभूमी सविस्तर सांगितली कारण २०१५च्या परीक्षणांमधला पहिला सूर तिच्यामुळेच समजतो. खेळ परत आला याचाच आनंद अनेक समीक्षकांच्या लिखाणात उघड दिसतो. कथा, संवाद आणि आवाज यांच्याबद्दल दुमत जवळपास नाहीच. टोनी प्लाना यांनी मॅनीला दिलेला थकलेला, मिश्कील आणि आतून हळवा आवाज सतरा वर्षांनंतरही तितकाच ताजा वाटला. रुबाकावा हे धुक्यातलं बंदराचं शहर आणि तिथला मॅनीचा कॅफे यांच्याविषयी तर लोक जिव्हाळ्यानं लिहितात. म्हणजे पहिला निकाल मूळ कलाकृतीच्या बाजूनं लागला होता.

दुसऱ्या निकालासाठी थोडं तंत्र समजून घेऊ.

१९९८च्या घरगुती संगणकाला संपूर्ण त्रिमितीय जग त्या क्षणी, चालत्या खेळात रंगवणं झेपत नसे. म्हणून लुकासआर्ट्सनं मधला मार्ग काढला. खोल्या, रस्ते, गोदी ही सगळी दृश्यं आधीच मोठ्या संगणकांवर तयार करून त्यांची स्थिर चित्रं केली. त्या चित्रांपुढे फिरणारी पात्रं तेवढी खरोखर त्रिमितीय ठेवली. संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासमोर नट उभे असावेत, तसा हा प्रकार. फक्त इथे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासोबत 'हा किती लांब आहे' याची नोंद असते, त्यामुळे मॅनी टेबलामागे गेला की टेबल त्याला बरोबर झाकतं.

आता डागडुजी करणाऱ्यांपुढचा पेच बघा. पात्रं त्रिमितीय असल्यामुळे ती मोठ्या पडद्यावरही धारदार दिसतात. त्यांच्या अंगावरचा रंगकाम केलेला थर नवा केला की कोटाची शिवण, कवटीवरच्या रेघा स्पष्ट होतात. प्रकाशाची नवी गणितं घातली की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, हातातल्या ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर येतो. हे डबल फाइननं केलं आणि उत्तम केलं. पण मागची चित्रं? ती ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची, चौकोनी टीव्हीच्या मापाची. ती नव्यानं काढायची तर एकतर मूळ दृश्यांच्या सगळ्या फायली आणि त्या काळची सगळी व्यवस्था जशीच्या तशी हवी, नाहीतर शेकडो चित्रं पहिल्यापासून काढायला हवीत. टीमनं ती तशीच ठेवली. आणि चौकटीच्या बाहेर मुळात काहीच रंगवलेलं नसल्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर दोनच पर्याय उरले: कडेला पट्ट्या ठेवायच्या, नाहीतर चित्र ताणायचं.

त्यामुळे २०१५च्या परीक्षणांतली सर्वांत सामाईक तक्रार ही निघाली की पुढचा मॅनी लख्ख आणि मागची भिंत धूसर. काही समीक्षकांना यात कामचुकारपणा दिसला. एक बटण दाबलं की नवं रूप जाऊन जुनं येतं, पुन्हा दाबलं की नवं. या सोयीमुळे तुलना क्षणात होते. ते बटण दाबून बघितल्यावर कित्येकांनी लिहिलं की फरक अपेक्षेपेक्षा कमी आहे. माझं मत इथे त्यांच्याहून वेगळं आहे. ती चित्रं पीटर चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कलादृष्टीतून आलेली; आर्ट डेको या १९२०-३०च्या दशकांतल्या शैलीतल्या इमारती आणि मेक्सिकोतल्या प्राचीन अ‍ॅझ्टेक लोकांची नक्षी यांचं ते मिश्रण आहे. कोन, अंतर, काळोख किती ठेवायचा हे सगळं त्या चौकोनी चौकटीसाठी ठरवलेलं. कुणीतरी आज अंदाजानं ती वाढवली असती तर पडदा भरला असता, रचना मोडली असती. धूसरपणा ही खरी उणीव आहे, पण ती सहन होण्याजोगी आहे.

उलट टोकाचं उदाहरणही हाताशी आहे. लुकासआर्ट्सनंच २००९मध्ये 'मंकी आयलंड' मालिकेतल्या पहिल्या खेळाची विशेष आवृत्ती काढली. तिथे प्रत्येक चित्र नव्यानं रंगवलं होतं. परीक्षणं चांगली आली, पण नायकाच्या केसांची नवी ठेवण अनेकांना रुचली नाही आणि वस्तू हाताळण्याची नवी पद्धत जुन्यापेक्षा अडचणीची ठरली. थोडं बदललं तर 'काय केलं तरी काय' असं विचारतात, जास्त बदललं तर 'आमचा खेळ हा नव्हे' म्हणतात. परीक्षण वाचताना लिहिणाऱ्याला यांपैकी काय हवं होतं हे आधी ओळखलं की त्याच्या तक्रारीचं वजन कळतं.

संगीताबाबत मात्र मतभेद जवळपास नव्हते. पीटर मॅकॉनेल यांच्या मूळ संगीतात जॅझ आणि मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताचे तुकडे खऱ्या वादकांनी वाजवलेले होते, पण वाद्यवृंदाचे भाग त्या काळच्या खर्चाच्या मर्यादेत यंत्रांवर, नमुना-ध्वनींतून उभे केलेले. रीमास्टरसाठी वाद्यवृंदाचे ते भाग मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवले आणि वादकांचे जुने तुकडे जपून, साफ करून पुन्हा मिसळले. म्हणजे जिथे मूळ कलाकाराला तेव्हा साधन नव्हतं तिथेच हात लावला आणि जिथे त्याला हवं ते तेव्हाच मिळालं होतं तिथे लावला नाही. चांगली डागडुजी कशी असते हे या कामाकडे बघून शिकावं. हेडफोन लावून रुबाकावाचा अंक खेळा, फरक लगेच कानात भरतो.

आता हाताळणी. मूळ खेळात माउस नव्हताच. कीबोर्डवरचा 'वर'चा बाण दाबला की मॅनी त्याचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे चालायचा. डावा-उजवा बाण त्याला जागच्या जागी वळवायचा. रणगाडा असा चालतो, म्हणून याला 'टँक कंट्रोल्स' म्हणतात. कॅमेऱ्याचा कोन दर खोलीत बदलणार असेल तर या पद्धतीला अर्थ होता: कोन बदलला तरी दाबलेला बाण त्याच दिशेला नेतो. पण सवय नसलेला माणूस भिंतींवर आपटत राहतो. एका चाहत्यानं स्वतःच्या हौसेनं माउसवर चालणारी पद्धत तयार केली होती. डबल फाइननं त्याच्याशी संपर्क साधून ती अधिकृत आवृत्तीत घेतली. जुनी पद्धतही ठेवली, आणि अख्खा खेळ तिच्यावर पूर्ण करणाऱ्याला वेगळी ट्रॉफी दिली. समीक्षकांनी या बदलाचं मनापासून स्वागत केलं, ते योग्यच होतं.

मात्र जे केलं नाही त्यावरही त्यांनी बोट ठेवलं आणि इथे मी त्यांच्या बाजूनं आहे. आपोआप सेव्ह होण्याची सोय नव्हती. २०१५मध्ये खेळणाऱ्या माणसानं ती गृहीत धरलेली असते. त्यातच सुरुवातीच्या आवृत्तीत खेळ मधेच बंद पडण्याच्या घटना घडल्या, म्हणजे तासाभराची मेहनत वाया. मॅनीच्या कोटातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढाव्या लागतात, एकत्र यादी दिसत नाही. सुरुवातीला ही लकब गोड वाटते, पंधरा वस्तू झाल्यावर जीव नकोसा होतो. हे दोष कलेशी संबंधित नाहीत, ते दुरुस्त केल्यानं मूळ कृतीला धक्का लागला नसता. पुढे पॅच आले आणि बरेच दोष गेले. पण परीक्षणातले गुण पहिल्या आठवड्यात दिले जातात आणि सहसा तिथेच गोठतात. आज तो आकडा वाचणारा माणूस दुरुस्त झालेल्या चुकांचीही शिक्षा मोजत असतो.

राहिला तिसरा निकाल, आणि माझ्या मते घटलेल्या गुणांतला मोठा वाटा याचाच आहे: कोडी.

एक कोडं जवळून बघू. पहिल्या अंकात मॅनीला कचेरीच्या गच्चीवरच्या घरट्यातली कबुतराची अंडी हवी आहेत. कबुतरं भांडखोर, जवळ जाऊ देत नाहीत. खाली रस्त्यावर सण चालू आहे, तिथला विदूषक फुग्यांची जनावरं करून देतो. पाव मिळतो. गच्चीवर कबुतरांचं एक ताट आहे. फुगा ताटात ठेवायचा, वर पाव कुस्करायचा, बाजूला व्हायचं. कबुतरं टोचतात, फुगा फुटतो, सगळी घाबरून उडतात, अंडी आपली. यातला प्रत्येक धागा डोळ्यांसमोर असतो आणि उत्तर सापडल्यावर 'अरे, खरंच की' असं होतं. हे उत्तम कोडं.

पण दुसऱ्याच वळणावर, दगडी झालेल्या जंगलात, एक दिशादर्शक खांब उपटून भलत्या जागी रोवायचा असतो आणि तो आपणहून फिरून वाट दाखवतो. असं करावं हे कुठल्याच तर्कानं सुचत नाही. दुसऱ्या अंकात लिफ्ट चालू असताना तिच्यातली फोर्कलिफ्ट (माल उचलणारी छोटी गाडी) नेमक्या क्षणी पुढे रेटायची असते. काय करायचं ते कळलं तरी क्षण हुकतो. १९९८चा खेळाडू अशा ठिकाणी चार दिवस अडकायचा, मित्राला विचारायचा, छापील मार्गदर्शिका घ्यायचा, आणि हे अडकणं खेळाचा भाग मानलं जायचं. एका खेळात महिना काढायची तयारी असायची. २०१५चा खेळाडू वीस मिनिटांत फोनवर उत्तर शोधतो, आणि एकदा शोधलं की पुढच्या प्रत्येक कोड्यावर तो मोह होतो. रीमास्टरमध्ये मदतीची पायरी-पायरीनं इशारा देणारी सोय नाही. नव्या समीक्षकांनी याला दोष म्हटलं, जुन्यांनी 'हा प्रकार असाच असतो' म्हणून सोडून दिलं. दोघांनी एकच कोडं सोडवलं, गुण वेगळे दिले.

म्हणून ९४ आणि ऐंशीच्या पुढचा आकडा शेजारीशेजारी ठेवून 'डागडुजीनं खेळ बिघडला' असं म्हणता येत नाही. पहिला आकडा १९९८च्या समीक्षकांचा. अ‍ॅडव्हेंचर खेळ त्यांच्या सवयीचे होते, आणि त्यांच्यासमोर तुलनेला त्याच काळातले खेळ होते. मेटाक्रिटिक स्वतः २००१मध्ये सुरू झालं, त्यामुळे ते गुण मागाहून जमवलेले आहेत. दुसरा आकडा वेगळ्या लोकांचा, वेगळ्या यंत्रांवरचा, वेगळ्या अपेक्षांचा. शिवाय मेटाक्रिटिक कोणत्या समीक्षकाला किती वजन देतं हे जाहीर करत नाही. दोन निरनिराळ्या परीक्षांच्या गुणपत्रिकांची ती वजाबाकी होते.

परीक्षणात आकड्यापेक्षा तक्रारीचं वाक्य वाचावं. 'पार्श्वभूमी धूसर आहे' असं असेल तर ती डागडुजीची मर्यादा. तुम्हाला चित्राच्या धारेपेक्षा कथेत रस असेल तर सोडून द्या. 'खेळ बंद पडतो' असेल तर परीक्षणाची तारीख बघा. 'कोडी अतर्क्य आहेत' असेल तर ते मूळ खेळाबद्दल आहे, कुठल्याही डागडुजीनं ते बदलणार नव्हतं, आणि तुमचा स्वभाव अडकून राहण्याचा आहे की नाही हे तुम्हालाच ठाऊक. मूळ खेळ लहानपणी खेळलेल्या आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्या, अशा दोघांची परीक्षणं मिळाली तर दोन्ही वाचा. बहुतेक जण पहिल्या परिच्छेदातच आपण कोण ते सांगतात.

एक गोष्ट मात्र बऱ्याच परीक्षणांनी एका ओळीत उरकली आणि ती मला मोलाची वाटते. नव्या आवृत्तीत निर्मात्यांचं निवेदन आहे. ठरावीक ठिकाणी बटण दाबलं की शेफर आणि त्यांचे सहकारी ती खोली कशी घडली, कुठे तडजोड केली, हे सांगतात. जुन्या खेळांची साधनसामग्री किती सहज हरवते हे त्या कामातून पुरेपूर दिसलं: जुन्या टेपांवरच्या बॅकअपमधून फायली शोधून काढाव्या लागल्या होत्या. आणखी दहा वर्षं गेली असती तर त्या टेपा वाचणारी यंत्रंही मिळाली नसती.

आज हा खेळ पीसीवर, फोनवर आणि बहुतेक कन्सोलवर मिळतो. २०१८मध्ये स्विचवर आणि २०२०मध्ये एक्सबॉक्सवरही आला. पहिल्यांदा खेळत असाल तर पीसीवर माउसनं खेळा, चित्र ताणू नका, कडेच्या पट्ट्या राहू द्या आणि दर नव्या खोलीत शिरल्यावर स्वतः सेव्ह करा. निर्मात्यांचं निवेदन पहिल्या वेळी बंद ठेवा, नाहीतर पुढचा कथाभाग आधीच कळेल. जंगलातल्या खांबापाशी अडकलात तर उत्तर बघून पुढे जा. कबुतरांचं मात्र बघू नका.